सीटखाली टॉवेल अंथरणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही चौघी होतो आणि चौघींपैकी एकीलाही ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकल चालवताना त्याची लाज वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेली निळी सायकल आठवते? ती ढकलत तुमच्याकडे दुरुस्तीला आणणारी, रडून नाक लाल झालेली बाई म्हणजे मी.

आधीचं थोडं सांगते, कारण तुम्ही काही विचारलंच नाहीत. नऊ दिवसांत नऊशे किलोमीटर, असा आमचा बेत होता. आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी. पंचविशीत ठरवलेली ही सफर पंचेचाळिशीत निघाली. पहिले तीन दिवस गाणी, फोटो आणि प्रत्येक चढावर 'कुणाची ही कल्पना होती' यावरून भांडण. चौथ्या दिवशी सकाळी मागून 'टण्' असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. स्पोक तुटला होता, तोही नेमका चेनच्या बाजूचा. ही बाजू वाईट. तिथले स्पोक जास्त ताणलेले असतात आणि नवा घालायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, उतरवावी लागते.

पहिल्या दुकानात पहिला प्रश्न आला, "सोबत पुरुष माणूस कोणी नाही?" मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून, "एवढं वजन टाकल्यावर तार तुटणारच." सायकल त्याच्याकडून घेतलेली नव्हती, त्यामुळे हात लावणार नाही म्हणाला. पुढच्या दुकानदाराने हात लावला, आणि तो लावला नसता तर बरं झालं असतं. तुटलेल्या स्पोकशेजारचे स्पोक त्याने पकडीने आवळले, निपलांचे, म्हणजे स्पोक आवळायच्या छोट्या नटांचे, कोपरे झिजवून गोल केले आणि म्हणाला, "जा आता खुशाल." तीस किलोमीटरवर दुसरा स्पोक गेला.

मग माझ्या मागच्या चाकावरचं ओझं तिघींनी आपापसांत वाटून घेतलं. मी न विचारता, न बोलता. खरं तर इथेच गहिवरून यायला हवं होतं, पण मला आला राग. माझे कपडे, माझं अंथरूण त्यांच्या कॅरियरवर लादलेलं पाहून मी नाही नाही ते बोलले. मी मागे राहते, तुम्ही पुढे जा, मला तुमची दया नको, वगैरे. एकीने ऐकून घेतलं, एक चिडली, एक गप्पच झाली. त्याच भरात मी सायकलला लाथ मारली. हे तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित तुम्ही मला हात लावू दिला नसता तिला!

तुमच्याकडे पोचलो तेव्हा आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. तुम्ही चाकाकडे पाहिलंत, हातातलं काम खाली ठेवलंत. सायकल उलटी करायची होती. आधीच्या दोन दुकानांपैकी जिथे ती उलटी झाली, तिथे सरळ खडीवर आपटली गेली होती. सीटचा कोपरा फाटला, घंटीला पोचा आला. तुम्ही मात्र खांद्यावरचा टॉवेल काढलात, झटकलात, दुमडलात आणि जमिनीवर अंथरलात. मग हँडलसाठी एक पोतं. आणि मग, झोपलेल्या पोराला कूस बदलायला लावावी तशी सायकल त्यावर ठेवलीत.

काका, मला तिथे जे रडू फुटलं ते स्पोकसाठी नव्हतं. तुम्हाला वाटलं असेल, थकली आहे बिचारी.

पुढचं सगळं तुमच्या हाताला रोजचंच. कॅसेट उतरवायचं हत्यार आमच्यातल्या एकीकडे होतं (तीन दिवस आम्ही तिच्या त्या जड पिशवीची टिंगल केली होती), पण कॅसेट धरून ठेवायला काही नव्हतं. तुम्ही लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा जोडून केलेलं आपलं हत्यार काढलंत. मागे टांगलेल्या एका जुन्या चाकातले दोन स्पोक तुटलेल्याला लावून मापलेत. चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुगणं, काढताना निपल पाव-पाव फेराच फिरवत होता, मधेच तारा बोटाने छेडून आवाज ऐकत होता. शेवटी दोन-दोन तारा मुठीत धरून आवळल्यात, तेव्हा आतून कटकट आवाज आले. मी घाबरले, तर तुम्ही हसलात.

आणि मग म्हणालात, "ताई, तार ओझ्यानं तुटत नाही. थकून तुटते." किलोमीटरभरात हे चाक साधारण पावणेपाचशे वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात खाली आलेली तार जरा सैलावते, वर जाताना पुन्हा ताणली जाते. मूळची ढिली असेल तर हे हिसके जास्त बसतात आणि चाकाच्या मधल्या हबजवळच्या वाकावर ती तुटते. तुम्ही हे मला समजावलंत, माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का हे न बघता. माझ्या वजनाबद्दल चकार शब्द नाही. सामान मात्र पुढच्या चाकावरही थोडं घ्या म्हणालात, तेवढंच.

पैसे तुम्ही घेतलेत. दोन स्पोकचे आणि मजुरीचे, ना कमी ना जास्त. मला ते फार आवडलं. फुकट केलं असतंत तर आम्ही तुम्हाला देवमाणूस म्हणून मोकळ्या झालो असतो. चांगुलपणाला आपण लगेच मखरात बसवतो, म्हणजे मग आपल्याला तसं वागायला नको. तुम्ही काम नीट केलंत आणि दुसऱ्याच्या वस्तूखाली टॉवेल घातलात. हे कुणालाही जमण्यासारखं आहे, म्हणूनच त्या आधीच्या दोघांचा राग मला अजून येतो.

संध्याकाळी मी तिघींची माफी मागितली. चिडलेली अजून थोडी चिडलेलीच होती, पण माझी पिशवी परत द्यायला तयार नव्हती. ठरलेले नऊ दिवस दहावर गेले, अंतर मात्र पूर्ण झालं. चाक पुन्हा एकदाही घासलं नाही.

घरी आल्यावर नेहमीच्या दुकानात सायकल दाखवली. तीस स्पोक चकचकीत आणि दोन काळपट, बरं दिसत नाही, बदलून देऊ का, असं तिथल्या मुलाने विचारलं. मी नको म्हटलं.

तुमची,
निळ्या सायकलवाली

ता. क. जड पिशवीवाली मैत्रीण आता तुमच्यासारखा चेनचा तुकडा आणि सहा जादा स्पोक घेऊन फिरते. टॉवेलही असतो. विचारलं तर सांगते, घाम पुसायला.