ड्रायरची वाफ आणि नारळाची सोडणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी खेड तालुक्यातला. वीस वर्षं केमिकल कारखान्यांत शिफ्टला काम केलंय, ड्रायर आणि सॉल्व्हंट रिकव्हरी, म्हणजे माल विरघळवायला वापरलेली द्रव्यं परत मिळवणं, सांभाळलीय. नदीत सोडलेल्या पाण्याच्या बातम्या आपल्या पेपरात येतात, यायलाच हव्यात, पण हवेत काय सुटतं त्यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

ओला माल ड्रायरमध्ये पडला की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), इथेनॉल, कधी मिथेनॉल अशा अल्कोहोलची वाफ निघते. बरीचशी कंडेन्सरमध्ये थंड करून धरली जाते कारण ती परत वापरता येते, पैसे वाचतात. पण हवेत मिसळलेली शेवटची पातळ वाफ धरणं परवडत नाही म्हणून मी होतो तिथे ती सरळ वेंटमधून वर जायची, आणि रात्री वारा पडला की खाली वस्तीत उतरायची. सकाळी घरी आलो की आई डोकं धरून बसलेली असायची, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यात मिथेनॉल जास्तच वाईट, नाकाला कळेपर्यंत प्रमाण धोक्याच्या वर गेलेलं असू शकतं.

लोक म्हणतात पाण्याचा स्क्रबर लावा, म्हणजे हवा पाण्याने धुऊन काढा. तो अल्कोहोल चांगलं ओढतो हे खरंय, पण ते नाहीसं कुठे होतं, पाण्यात जातं आणि ते पाणी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, डोक्यावर बसतं. जाळायचं तर इतक्या पातळ वाफेला बाहेरून इंधन लागतं.

माझं म्हणणं, बायोफिल्टर लावा. एप्रिलमध्ये काजूखाली बोंडं कुजतात तेव्हा दारूसारखा वास सुटतो, पण काही दिवसांनी बघा, मातीने सगळं पचवलेलं असतं. मातीतले जिवाणू अल्कोहोल खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. तेच काम टाकीत करून घ्यायचं, खालून ब्लोअरने हवा सोडायची आणि वरच्या ओलसर थरातून ती हळूहळू जाऊ द्यायची. अल्कोहोल पाण्यात सहज विरघळतं म्हणून ते जिवाणूंपर्यंत लवकर पोचतं. हे काही नवं नाही, अमेरिकेत पॉमेरॉय नावाच्या माणसाने गटाराच्या वासासाठी मातीच्या थराचं पेटंट १९५७ सालीच घेतलं होतं.

थर कशाचा? आपल्याकडे नारळाची सोडणं ढिगाने पडून असतात, चुलीत जातात. त्यांचा काथ्या आणि कोकोपीट (सोडणांचा भुसा) लवकर कुजत नाही, ओल धरून ठेवतो. मात्र त्यातला खार आधी धुवावा लागतो, आणि त्यात खायला फारसं नसतं म्हणून शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावं लागतं. तासाला १,००० घनमीटर हवा असेल आणि ती थरात मिनिटभर राहायला हवी असेल तर साधारण १७ घनमीटर माल लागतो, मीटरभर उंचीचा थर केला तर १८० स्क्वेअर फूट जागा. म्हणजे एक मोठी खोली!

पण नुसता खड्डा भरून बायोफिल्टर म्हणून दाखवला तर मी स्वतः विरोध करीन. हवा आधी ओली करून सोडावी लागते, नाहीतर थर वाळतो आणि जिवाणू मरतात. थरात ओल वजनाच्या निम्म्याच्या आसपास हवी. इथेनॉल एकदम जास्त आलं तर जिवाणूंना पुरतं पचत नाही, मधेच ॲसिटिक ॲसिड होऊन थर आंबतो, म्हणून पीएच, म्हणजे थराचा आंबटपणा, रोज बघायचा. त्यावर उतारा पण इथलाच, कालवांचे नि तिसऱ्यांचे शिंपले फोडून मिसळायचे, चुनखडीचं काम करतात. वर पक्कं छप्पर पाहिजेच, आपल्या पावसात उघडा थर चार दिवसांत चिखल होईल, हवा जाणार नाही आणि आतून कुजका वास सुटेल. ऊब मात्र आपल्याकडे फुकट आहे, थंड देशांत हिवाळ्यात हेच जिवाणू मंदावतात.

क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटला हे चालणार नाही, आणि दाट वाफेलाही नाही, ती आधी कंडेन्सरमध्येच धरली पाहिजे.

कारखानदारांना माझी एवढीच विनंती आहे की एका ड्रायरच्या वेंटवर सहा महिने लावून बघा, त्यात एक पावसाळा येऊ दे, आणि आत जाणाऱ्या नि बाहेर येणाऱ्या हवेचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सोडणं आमच्या वाडीतून गोळा करून द्यायची जबाबदारी माझी.

आपला,
एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी