पक्याला पत्र, कुठला लॅपटॉप घेऊ म्हणलास म्हणून

सोलापूर
१४ मे, दुपार

काय बे पक्या,

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, तू पाठवलेल्या दोन्ही लिंका बघितल्या, एक तो लाल लाईटवाला गेमिंग आणि एक काळा कुळकुळीत वर्कस्टेशन, आणि त्याच्याखाली तुझा प्रश्न, दोन्हीत ८ जीबीचं ग्राफिक कार्ड, दोन्हीत ३२ जीबी रॅम, मग दुसऱ्याला जवळजवळ डबल पैसे कशाला. नोकरी सोडून तू साखर कारखान्यांच्या मशिनरीची ड्रॉइंगं करणार, त्याच्यासाठीच हा लॅपटॉप. फोनवर सांगितलं असतं पण तू दर दोन वाक्यांनी मधे बोलतोस, म्हणून लिहायला बसलोय. बाहेर ४३ आहे, पंखा गरम वारं टाकायलाय आणि खाली शेजाऱ्याचे माग चालू आहेत, त्यामुळं कुठं वाकडं तिकडं लिहिलं गेलं तर समजून घे.

पहिलं तुझं खरं ते मान्य करतो. गेमिंगमध्ये आहे जीफोर्स आरटीएक्स ४०६०, वर्कस्टेशनमध्ये आहे आरटीएक्स २००० एडा. दोन्ही एकाच चिपवर बनलेत, एडी१०७ नावाच्या. दोन्हीत ३०७२ कूडा कोअर, म्हणजे हिशोब करणारे बारीक भाग, आणि दोन्हीत ८ जीबी. म्हणजे आपल्या भाषेत एकाच मागावरचे दोन टॉवेल, एकाला साधी पिशवी, दुसऱ्याला एक्स्पोर्टचं लेबल. तू म्हणशील मग झालंच की, लेबलचेच पैसे. पण एक्स्पोर्टचा माल आधी टेबलावर तपासला जातो, वजन बघतात, कडा बघतात, आणि एवढं करून खराब निघाला तर परत कोणी घ्यायचा हे आधीच कागदावर लिहिलेलं असतं. वर्कस्टेशनचं पण तेच आहे. तू ज्याच्यावर ड्रॉइंग करतोस ते सॉलिडवर्क्सवाले ठराविक कार्ड आणि त्याचा ठराविक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आपल्या सॉफ्टवेअरवर चालवून बघतात आणि मग यादीत टाकतात, सर्टिफाईड म्हणतात ते हेच. जीफोर्स त्या यादीत नसतं. चालत नाही असं नाही, चालतं, लई पोरं गेमिंगवरच कॅड, म्हणजे कम्प्युटरवरची ड्रॉइंगं, करतात आणि त्यांचं पोट भरतं. फक्त रिअलव्ह्यू, म्हणजे काम करतानाच पार्ट खऱ्यासारखा चमकताना दिसतो ते, मिळत नाही, आणि कधीकधी मोठी असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं मशीन, फिरवताना मागची रेघ पुढं दिसते नाहीतर सिलेक्ट केलेली कडा रंगच बदलत नाही. मग सपोर्टला फोन केला की पहिला प्रश्न, कार्ड कुठलं. गेमिंगचं म्हणलं की समोरच्याचा आवाजच बदलतो.

आता माझं ऐक, कारण तू माझ्याकडं बघून गेमिंगकडं झुकलायस हे मला कळतंय. दोन वर्षांपूर्वी मी ८२ हजाराला घेतला तेव्हा तुला फोटो पाठवला होता, कीबोर्डला सात रंगाचे दिवे, तू म्हणलास गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा आणलास काय घरी. माझं काम काय तर जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाईन. १३४४ हुकांचा जकार्ड असेल तर डिझाईन आडवं १३४४ ठिपके, एक ठिपका म्हणजे एक हुक, वर गेला का खाली राहिला एवढंच. बस. याला ग्राफिक कार्ड लागतंच नाही बे! बाबांनी हेच काम आयुष्यभर ग्राफ पेपर आणि ब्रशवर केलं. दुकानदार म्हणला डिझाईनचं काम आहे ना मग हाच घ्या, आणि मी डिझाईन या शब्दाला भुललो. ते ६ जीबीचं कार्ड दोन वर्षं नुसतं बसून पगार खायलाय.

आणि जे लागत होतं तेच त्याच्यात नव्हतं. स्क्रीन. कागदावर लिहिलं होतं १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणार, मी खूश. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी लिहिलं होतं, ते वाचलंच नाही. एनटीएससी हे रंगांचं माप, म्हणजे स्क्रीनचा रंगांचा पसाराच कमी, लाल रंग त्याच्यावर धुतल्यासारखा फिका दिसतो. एका पार्टीला मरून बॉर्डरच्या टॉवेलचं कॅटलॉगचं चित्र करून पाठवायचं होतं. माझ्या स्क्रीनवर मरून विटकरी दिसायला लागला म्हणून मी त्यातला लाल वाढवला, अजून वाढवला, मला बरोबर दिसेपर्यंत वाढवत गेलो. त्यांनी त्यांच्या चांगल्या स्क्रीनवर उघडला तर नवरीच्या शालूसारखा लालभडक, आणि शेड कार्डवरचं, म्हणजे सुताच्या रंगांचे नमुने लावलेल्या कार्डावरचं, सूत मात्र मरूनच. सॅम्पल गेल्यावर फोन आला, फोटोतला माल कुठंय? आठ दिवस नुसतं समजावण्यात गेले. तेव्हापासून मी रंग फक्त शेड कार्डवर बघतो, दारात उन्हात उभं राहून, लॅपटॉपवर विश्वास नाही. तुझ्या ड्रॉइंगला रंगाचं एवढं नाही, पण तू कारखान्याच्या मीटिंगमध्ये रेंडर, म्हणजे मशीनचं खऱ्यासारखं रंगीत चित्र, दाखवणार म्हणतोस ना, तर १०० टक्के एसआरजीबी (हे पण रंगांचंच माप) लिहिलंय का तेवढं बघ, दोन्हीपैकी कुठलाही घे. १४४ हर्ट्झ तुझ्या कामाला शून्य उपयोगाचं.

आता गरमीचं. इथं मी गेमिंगवाल्याच्या बाजूनं बोलणार आहे, तुला आश्चर्य वाटेल. गेमिंग लॅपटॉप जाड असतो, मागून बाजूनं जाळ्या मोठ्या, पंखे दांडगे, कारण तो तासन् तास फुल लोडवर चालायलाच बनवलेला असतो. वर्कस्टेशनमध्ये जे पातळ, बॅगेत मावणारे, साहेब लोकांसारखे दिसणारे मॉडेल असतात ते गरम झाले की स्पीड कमी करून घेतात. आणि खोली २३ वरून ४३ वर गेली की आतली चिपपण साधारण तेवढ्याच अंशानं वर चढते, मग मर्यादेला टेकायला वेळ लागत नाही. तुझं काम कधी असणार याचा विचार केलास का? साखर कारखान्याचं गाळप दिवाळीच्या आसपास चालू होतं आणि उन्हाळा लागता लागता संपतं. कन्व्हेअर बदला, ऊस आत नेणारा केरिअर नवा करा, हे सगळं ऑफ सीझनमध्ये. म्हणजे तुझी घाईची ड्रॉइंगं एप्रिल मे मध्येच, सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, आणि तू चाकणच्या एसीतून उठून इथं वरच्या पत्र्याच्या खोलीत बसणार. म्हणून वर्कस्टेशन घेतलास तरी पातळ घेऊ नको. जाड घे, जड घे, खांदा दुखू दे.

अजून एक, हे पुण्यातला दुकानदार सांगणार नाही. मागच्या श्रावणात माझा लॅपटॉप विमानासारखा आवाज करायला लागला, हात लावला की चटका. ओळखीच्या पोरानं मागचं झाकण उघडलं, पंखा काढला, आणि पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधोमध चिमट्यानं धरून एक पट्टीच बाहेर ओढली. बोटभर लांब, नमद्यासारखी घट्ट, राखाडी, आणि तिच्यात लाल हिरवे बारीक तंतू. शेजारच्या मागांवरनं उडणारं सूत बे! पंखा वारा ओढतो, वाऱ्याबरोबर सूत ओढतो, आणि ते आतल्या जाळीवर थर लावून बसतं, बाहेरून काही दिसत नाही. पंखा जेवढा दांडगा तेवढं जास्त ओढतो. पोरगं म्हणलं चादर विणली आहे आतमध्ये, सोलापुरी चादरीसारखा जीआय टॅग लावून घ्या. तुमचं घर मागांपासून लांब आहे, तरी धूळ आहेच, दर सहा महिन्याला उघडून साफ करायचं डोक्यात ठेव. उघडल्यावर वॉरंटी जाते का ते घेतानाच विचार.

वॉरंटीवरनं मूळ मुद्द्यावर येतो. मला विचारशील तर जास्तीच्या पैशातले निम्मे पैसे इथंच आहेत. माझ्या लॅपटॉपला एक वर्ष होती. तेराव्या महिन्यात चार्जिंगचं सॉकेट ढिलं झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. इथं त्यांचं सेंटर म्हणजे एक काउंटर आणि एक मुलगी, ती म्हणली पुण्याला जाईल. गेला. एकवीस दिवस. मधे दोनदा फोन केला तर पार्ट यायचाय. मी तीन आठवडे मेहुण्याच्या जुन्या कम्प्युटरवर डिझाईनं केली, रात्री त्याचं जेवण झाल्यावर. माझं निभावलं कारण माझी फाईल बारीक. तुझी दोन अडीच हजार पार्टची असेंब्ली मेहुण्याच्या कम्प्युटरवर उघडणार आहे का? वर्कस्टेशनला बहुतेक वेळा तीन वर्षांची ऑनसाईट येते, माणूस पार्ट घेऊन दारात येतो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमच्या एका पार्टीच्या हापिसात मदरबोर्ड गेला होता, तिसऱ्या दिवशी टेबलावरच बदलून चहा पिऊन माणूस गेला, मी तिथंच बसलो होतो. पण लिहिलेलं ऑनसाईट आपल्या पिनकोडला लागू आहे का ते विचारून लेखी घे, तोंडी नको. पुणे मुंबईत ऑनसाईट आणि सोलापूरला कुरिअर असं पण असतं.

पैशाचा हिशोब तू गेमिंगचा आणि वर्कस्टेशनचा सरळ समोरासमोर मांडलास, तिथं चुकलास. तू पाठवलेल्या वर्कस्टेशनच्या कोटेशनमध्ये १,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,२०० धरून १,६५,२००. तू फर्मच्या नावानं जीएसटी नंबर काढलायस ना? मग बिल फर्मच्या नावानं घे, ते २५,२०० तुझ्या भरायच्या जीएसटीमधून वजा होतात. गेमिंगचं पण होतात, पण ऑनलाईन सेलमध्ये घाईघाईत घरच्या नावानं घेतलास तर गेले. मी पण दुकानातून घरच्याच नावानं घेतला.

रॅम ३२ पुरे, पण दोन स्लॉट आहेत आणि उघडून वाढवता येते एवढं बघ. प्रोसेसरच्या कोअर मोजत बसू नको, मॉडेलिंग बहुतेक एकाच कोअरवर चालतं, त्या एकाचा स्पीड महत्त्वाचा. चार्जर काढला की दोन्ही मशीन हळू होतात, गेमिंग जास्त होतो, त्याची ती किलोभराची वीट सगळीकडं न्यावीच लागते. टेबलावरचा डबा घे असं मी म्हणलो असतो, त्याच पैशात दीडपट ताकद, पण तुला कारखान्यावर फिटरच्या शेजारी उभं राहून ड्रॉइंग दाखवायचंय, म्हणून ते सोड.

तर माझं म्हणणं, वर्कस्टेशन घे. तू नोकरी सोडून बसणार आहेस, पहिला सीझन आहे, पहिल्याच सीझनला मे महिन्यात एकवीस दिवस बंद पडलास तर तो कारखाना परत फोन करणार नाही. पगार चालू असता तर मी बिनधास्त गेमिंग घे म्हणलो असतो, जीफोर्सचा डिझाईनच्या कामासाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर टाकला असतास आणि उरलेल्या पैशात चांगला मॉनिटर.

आणि तुला गेमिंग का पाहिजे हे मला माहीत नाही असं समजू नको. पार्क चौकाजवळच्या कॅफेत दहा रुपये तास देऊन काउंटर स्ट्राइक खेळायचो, तू कायम टेबलाखाली लाथ मारून मला हरवायचास. त्या वर्कस्टेशनवर पण गेम चालतात, कार्ड तेच आहे. पोराला सांगू नको म्हणजे झालं.

शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतोयस ना, येताना तुझी सगळ्यात मोठी असेंब्ली पेन ड्राईव्हवर घेऊन ये. होटगी रोडला एका ओळखीच्याकडं तू बघितलेलंच मॉडेल आहे, सॉलिडवर्क्स टाकलेलं. शनिवारी दुपारी दोनला त्याच्या हापिसात जाऊ, एसी बंद करायला सांगू, आणि अर्धा तास फिरवत बसू. पंखा किती ओरडतो ते तुझ्याच कानानं ऐक आणि मग पैसे काढ.

आईनं शेंगा चटणी करून ठेवलीय, डबा मोकळा आण.

तुझा,
बंड्या