काका, त्या बाटलीबद्दल

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणून विषयच तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

वाइनच्या परीक्षेत मी पास झाले. पहिल्या खेपेला वाइन ओळखण्याच्या पेपरात नापास झाले, तेव्हा कामावरचे एक वरिष्ठ म्हणाले होते, "तुला नाकच नाही, तू बँक्वेटला जा." घरी येऊन रडत बसले. घरमालकीण मावशी म्हणाल्या, "माझ्या भावानं चौतीस वर्षं हॉटेलात वाइन ओतलीये, त्याच्याकडे जा." अशी मी लालबागच्या तुमच्या खोलीत येऊन पोचले.

दर रविवारी तुम्ही शिकवलंत, एक पैसा घेतला नाहीत. पण मला लिहायचंय ते मे महिन्यातल्या त्या एका दुपारबद्दल. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली तुम्ही काढलीत. अर्जेंटिनाची माल्बेक, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन; मेंडोसा प्रांताच्या उको खोऱ्यातली, जुन्या वेलींची. निवृत्तीच्या दिवशी एका पाहुण्यांनी दिलेली, सहा वर्षं जपलेली. मी "नको" म्हणाले, तोवर तुम्ही बूच ओढलंही होतं. मग बाटली अर्धा तास टेबलावर तशीच ठेवलीत. "पुस्तकात रूम टेंपरेचर लिहितात ना, ती रूम लालबागची नव्हे. रेड सोळा-अठरा डिग्रीला द्यायची," हे तेव्हाच सांगितलंत.

ग्लास पांढऱ्या नॅपकिनवर तिरका धरलात. मधे काळसर, कडेला जांभळी झाक. मी वास घेतला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं: ब्लॅकबेरी, व्हायोलेटची फुलं.

"ब्लॅकबेरी खाल्लीयेस कधी?"

"नाही."

"मग तिचा वास तुला आला कुठून? डोळे मिट. तुझ्या निफाडला जा, दादरला जा, कुठंही जा. तुझ्या ओळखीचं काय आहे ते सांग."

किती वेळ गेला कोण जाणे. खाली कुणीतरी नळावर भांडत होतं. मग मला सापडलं. पिकलेलं जांभूळ. नुसतं फळ नव्हे, बी चोखून झाल्यावर जीभ ओढते ना, तेसुद्धा. दादर स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात मिळणारी करवंदं. आणि चव घेऊन घोट थुंकल्यावर गालांच्या आत आमसुलाचा डबा उघडल्यासारखी आंबट धार. तुम्ही वहीत दोन रकाने आखलेत, डावीकडे माझे शब्द, उजवीकडे परीक्षेचे. "उत्तरपत्रिकेत त्यांचे लिही. पण आधी आपला सापडला पाहिजे." ती वही अजून माझ्या पर्समध्ये असते.

ती धार येते कुठून, हेही तुम्ही त्याच दुपारी समजावलंत. मेंडोसा म्हणजे वाळवंटच. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्या सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 पडला होता! पण उको खोरं समुद्रसपाटीपासून हजार मीटर आणि त्याहूनही उंच, अँडीजच्या पायथ्याशी. दिवसा कडक ऊन, त्यानं साल जाड होते, रंग धरते. रात्री गारठा, त्यानं आंबटपणा टिकतो. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, पाटानं येणारं. तिथल्या मूळच्या हुआर्पे लोकांनी असे पाट स्पॅनिश लोक येण्याआधीच काढले होते, आणि पाळीचं पाणी सोडणारा माणूस तिथं आजही असतो. आपला पाटकरीच की! गारपिटीची धास्तीही तीच; तिथं वेलींवर जाळ्या लावतात. माल्बेक मूळची फ्रान्सची. 1853 मध्ये मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञानं तिच्या काड्या अर्जेंटिनात आणल्या, आणि ती माहेरापेक्षा सासरीच जास्त रमली.

मी द्राक्षवाल्याची मुलगी, आणि मुंबईत ते कुणाला सांगायला लाजत होते, हे तुम्हाला पहिल्याच रविवारी कळलं होतं. त्या रात्री मी बाबांना फोन केला. तिथल्या जुन्या वेली शंभरीच्या आसपास असतात म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. आमची आधीची बाग पंधराव्या वर्षी तोडावी लागली होती. "खुंट कोणता? डॉगरिज?" त्यांचा पहिला प्रश्न. (कलम ज्या मुळांवर बांधतात तो खुंट; डॉगरिज ही त्याचीच एक जात.) मी सांगितलं, तिथल्या कितीतरी जुन्या वेलींना खुंटच नाही, स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. फ्रान्सच्या बागा ज्या फिलॉक्सेरा किडीनं खाल्ल्या, तिनं तिथं तसा धुमाकूळ घातला नाही. माल कमी येतो, मणी बारीक, पण रस दाट. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वेलीला माझा नमस्कार सांग." आणि मग तासभर आम्ही छाटणीवर बोललो. इतकं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

परीक्षेत तिसऱ्या ग्लासात माल्बेकच निघाली, काका. नाकाशी नेली आणि जांभूळ आलं. हात थरथरत होता, पण लिहिताना शंका नव्हती.

एप्रिलची खरड छाटणी उरकली की बाबा मुंबईला येणार आहेत. त्यांना तुम्हाला भेटायचंय. ती रिकामी बाटली तुमच्या कपाटावर आहे, ती टाकू नका. त्यांना ती हातात घेऊन बघायचीये.

तुमची,
निफाडची मुलगी