नकाशातले क्षेत्रफळ तरी खरे असू द्या

महोदय,

तापमानवाढ असो की लोकसंख्या, बातमीसोबत देशादेशांत रंग भरलेला जगाचा नकाशा छापण्याची पद्धत चांगलीच आहे. पण तो बऱ्याचदा मर्केटर प्रक्षेपणावरचा असतो (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत), आणि तिथेच घोळ होतो. कोणत्या रंगाने किती जागा व्यापली यावरून वाचक अंदाज बांधतो, आणि नेमकी ती जागाच खोटी असते.

गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत आखता येतो. त्यासाठी ध्रुवांकडे जावे तसतसे सगळे ताणावे लागते. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी-रुंदी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड आणि आफ्रिका त्यात जवळपास सारखेच दिसतात; प्रत्यक्षात आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या चौदापट आहे. खंडाचे सोडा, विषुववृत्तावरचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा एकटा देशसुद्धा ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे! नकाशात दोन्ही शोधून पाहा, पटणार नाही.

मर्केटरला मात्र मी दोष देणार नाही. गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता सपाट कागदावर उतरत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या १८२७ मधल्या प्रमेयावरूनच निघते. पण ताण कुठे द्यायचा, हे माणसेच ठरवतात. युरोपला मध्यभागी बसवायचे, दक्षिणेकडचा भाग छाटून विषुववृत्त कागदाच्या मध्याखाली ढकलायचे, याला गणिताचा काहीच आधार नाही. उत्तर वर, ही तरी सवयच. अरब भूगोलज्ञ अल-इद्रिसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे. दर्यावर्दींचा हा नकाशा वर्गांच्या भिंतींवर इतका काळ टिकला, याचे एक कारण मला सरळ दिसते : वसाहती ज्यांच्या हाती होत्या, त्यांचे देश त्यात ऐसपैस दिसत.

आर्नो पीटर्सने १९७३ मध्ये क्षेत्रफळ बरोबर राखणारा नकाशा गाजवला (तो जेम्स गॉलने १८५५ मध्येच मांडला होता, पण ते असो). त्यात आफ्रिका उभी ओढल्यासारखी दिसते. २०१८ मध्ये आलेल्या ‘इक्वल अर्थ’ या क्षेत्रफळ राखणाऱ्याच प्रक्षेपणामध्ये आकारही फारसे खटकत नाहीत. आफ्रिकी संघानेही २०२५ मध्ये मर्केटर बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला आहे.

तेव्हा देशांची तुलना करणारे नकाशे समक्षेत्र प्रक्षेपणावरच छापावेत आणि कोपऱ्यात प्रक्षेपणाचे नाव द्यावे, ही विनंती. ते जमेपर्यंत मर्केटरच्या जगाखाली किलोमीटरची पट्टी तरी छापू नका. ती विषुववृत्ताजवळ खरी असली, तर नॉर्वेत निम्म्याहून जास्त चुकते.

आपला,
एक वाचक