शाळा सुटल्यानंतरची आश्रमशाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात आश्रमशाळांची टक्केवारी येते. पावसाळ्यात विषबाधेची बातमी येते, अधूनमधून गळक्या छताचा फोटो. हे छापून आलंच पाहिजे. पण निवासी शाळेतलं मूल वर्गात असतं सहा-सात तास. बाकीचा सगळा वेळ ते तिथेच जेवतं, भांडतं, तापानं फणफणतं, घरच्या आठवणीनं रडतं. त्या वेळाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मेळघाटातल्या आश्रमशाळेवर माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिलीत येणारं कोरकू आदिवासी पोर घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी ऐकतं आणि पाटीवर मराठी गिरवतं. नवोदय विद्यालयातली काही मुलं नववीत वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यात शिकायला जातात, त्याचं कौतुक होतं आणि ते व्हायलाही हवं. (देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचं, हे आता कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे!) आमचं पोर तालुका न सोडता सहाव्या वर्षीच परमुलखात येतं. दिवाळी झाली की आईबाप शेतमजुरीला नाहीतर वीटभट्टीवर कामाला जातात, गावातल्या घराला कुलूप लागतं. मग त्याचं म्हणून जे काही असतं ते एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली करदोड्याला.

अशा मुलाला शाळा आपली कधी वाटू लागते? माझ्या पाहण्यात, तिथल्या कारभारात त्याचा हात लागला की. विद्यार्थी मंत्रिमंडळ कागदावर सगळ्याच आश्रमशाळांत सापडेल. बहुतेक ठिकाणी ते छातीवर बिल्ला लावून पंधरा ऑगस्टला रांगेत उभं राहण्यापुरतं. आमच्याकडे एका वर्षी आठवीतली एक मुलगी भोजनमंत्री झाली. पंगतीत मोठी पोरं पुढे बसायची आणि लहानांच्या ताटात वरणाचं नुसतं पाणी यायचं, हे आम्हा मास्तरांना रोज दिसत होतं. तिनं दोनच नियम केले. पहिली ते चौथी आधी बसणार, आणि वाढपी सगळ्यांच्या मागून जेवणार. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर म्हणाली, "सर, वाढणाऱ्याले मागून जेवाचं असलं की तो बरोबर पुरवते." वरण तेवढंच, डाव तोच. शेवटच्या ताटापर्यंत पुरू लागलं. पुढे मोठ्या पोरांनी कुरकुर केली, एकदा ताटं आपटली, तेही तिनंच निस्तरलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून हे मी तरी शिकवू शकलो नसतो.

होळीचंही तेच. होळी हा कोरकूंचा मोठा सण. फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला गेलेली पोरं पंधरा-पंधरा दिवस परतत नाहीत आणि शिक्षक गावोगाव फिरून त्यांना गोळा करतात. एका गावची लहान मुलं परत आणायची जबाबदारी त्याच गावच्या नववी-दहावीतल्या पोरांवर टाकून पाहिली. सगळी आली असं नाही, पण आमच्या मोटरसायकलींपेक्षा त्यांचा शब्द जास्त चालला.

यात नवं काही नाही. 1937 साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकण्याचा, गांधीजींचा विचार पुढे आला. सेवाग्रामच्या शाळेत झाडलोट, स्वयंपाक, सूतकताई हा शिक्षणाचाच भाग होता. विदर्भातल्या शाळांना हा धडा शिकायला दूर जायला नको. मात्र इथे एक धोका आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. मुलांना काम म्हटलं की काही ठिकाणी त्यांच्याकडून गुरुजींच्या क्वार्टरचं अंगण झाडून घेतलं जातं, पाणी भरून घेतलं जातं. ही वेठ झाली. पालक त्यावर चिडतात ते योग्यच आहे. सेवाग्रामात शिक्षकही हातात झाडू घेत. आजच्या आश्रमशाळेत मुलांना काम सांगणाऱ्यानं आधी तेवढं करून दाखवावं.

आणि हे सगळं मुलांवर सोडून मोठ्यांनी मोकळं व्हावं असंही नाही. मुलींच्या वसतिगृहाला पूर्णवेळ अधीक्षिका हवीच. दिवसभर शिकवून थकलेल्या बाईंकडे रात्रीचा पदभार दिला की निम्म्या गोष्टी तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. रात्री पोट दुखलं तर पोरीनं कोणाला उठवायचं, हे तिला पहिल्याच दिवशी माहीत असायला हवं.

आदिवासी विकास विभागाकडे माझं मागणं छोटं आहे. आठवड्याच्या जेवणाच्या तक्त्यावर भोजनमंत्र्याची सही घ्या, धान्य मोजून काढताना दोन मुलं हजर ठेवा, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यानं वाचावं. याला जादा पैसा लागत नाही. काही मुख्याध्यापकांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आपल्यालाही एक विनंती. आपले वार्ताहर आश्रमशाळेत बहुधा सकाळी जातात, कार्यालयात चहा घेतात आणि निकालाचा आकडा लिहून परततात. एकदा त्यांना संध्याकाळी सहानंतर पाठवा, आणि पंगतीत शेवटच्या रांगेत बसून जेवायला सांगा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक
ता. धारणी, जि. अमरावती