शुक्रवारचं पापलेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत उपासावर पानभर लेख आला तो वाचला. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, आमचा राखेचा बुधवार (कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपासकाळ, म्हणजे लेंट, सुरू होतो तो दिवस) १८ ला आणि दुसऱ्याच दिवसापासून रमजान, सगळं एकाच आठवड्यात आल्यामुळे असं काहीतरी छापून येणार हे ठरलेलंच होतं. त्यात आमच्या वाट्याला एक चौकट आली, तेही बरंच झालं म्हणायचं, एरवी आम्ही नाताळचा केक आणि ईस्टरची अंडी यापलीकडे पेपरात नसतोच. पण त्या चौकटीत लिहिलं होतं की ख्रिस्ती लोक ४० दिवस अन्नपाणी घेत नाहीत आणि हे एक प्रकारचं इंटरमिटंट फास्टिंग आहे, शरीर डिटॉक्स होतं, वजन उतरतं वगैरे. आणि त्याच्या बरोब्बर खाली "लेंट स्पेशल भरलं पापलेट" अशी रेसिपी. म्हणजे वर अन्नपाणी बंद आणि खाली पापलेट! आमच्या घरी सगळे खूप हसले, मीसुद्धा हसले, पण नंतर वाटलं की यातलं पापलेट तुमच्याकडून चुकून का होईना पण खरं निघालंय, म्हणून हे पत्र.

आधी सरळ माहिती देते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार उपासाचे धरत नाहीत, उरतात ४०, येशू रानात ४० दिवस उपाशी होता त्याची आठवण. कॅथलिक नियमाप्रमाणे सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होता कामा नये. पाणी प्यायला कुणाची ना नाही. शिवाय शुक्रवारी मांस नाही. उपासाचा नियम १८ ते ५९ वयाला, मांसाचा १४ च्या पुढे सगळ्यांना. पूर्वी हे फारच कडक होतं, रविवार सोडून जवळजवळ सगळा लेंट उपासाचा, मग १७ फेब्रुवारी १९६६ ला पोप सहावे पॉल यांनी ते सैल केलं आणि म्हटलं की बिशपांना वाटलं तर आपापल्या देशात काही उपासांच्या जागी प्रार्थना आणि दानधर्म ठेवता येईल. थोडक्यात काय तर नियमाने पोट फारसं रिकामं राहतच नाही.

आणि मासळी चालते. इथेच आमची वसई फसते. मी मूळची नगरची, प्रॉटेस्टंट घरातली, लग्न होऊन इथे कॅथलिक घरात आले. पहिल्याच लेंटमध्ये शुक्रवारी ताटात बघते तर तळलेलं पापलेट, कोलंबीचं कालवण, वर सोलकढी. मी सासूबाईंना विचारलं, आई, आज उपास ना? त्या म्हणाल्या, मग, मटण कुठे केलंय! त्यांनी मुळीच चेष्टा केली नव्हती. आता कोळीण पापलेटच्या जोडीचा जो भाव सांगते त्यात किलोभर मटण येऊन वर पैसे उरतील, पण नियमात पापलेट बसतं आणि मटण बसत नाही. शेजारच्या काकू साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याचे पापड यावर एकादशी काढतात तेव्हा आम्ही त्यांना एकादशी दुप्पट खाशी म्हणून चिडवतो, त्यांनी आमच्याकडे शुक्रवारी यायला हवं.

माझ्या माहेरी असं नव्हतं. तिथे राख नाही, नियम नाही, वयाची अट नाही, जो तो आपापल्या मनाने करायचा. उत्तम शुक्रवारी दुपारी १२ ते ३ येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असायची, ती संपेपर्यंत आई पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मला आठवतो तो ७२ च्या दुष्काळानंतरचा लेंट, मी नऊ-दहा वर्षांची असेन. गावाबाहेर खडी फोडायचं काम चालू होतं, आई-वडील दोघंही जायचे, घरी मिलोची (बाहेरून आलेल्या ज्वारीची) लाल भाकरी आणि आम्हा पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ. त्या भाकरीला नीट चवसुद्धा नसायची. तशात आईने शुक्रवारचा उपास धरला. वडील चिडले, म्हणाले आधीच उपासमार चाललीय त्यात हा कसला उपास! आई काही बोलली नाही. तिच्याकडे डालड्याचा एक रिकामा डबा होता, त्यात ती शुक्रवारी आपल्या वाटणीच्या भाकरीचं पीठ टाकायची, मोजून, दोन मुठी, आणि रविवारी उपासनेला जाताना तो डबा पदराखाली धरून एका विधवा बाईच्या घरी रिकामा करून यायची. ती बाई आमच्या चर्चच्या मंडळीतली नव्हती, ख्रिस्ती पण नव्हती. आम्ही पोरं त्या डब्याकडे बघत बसायचो आणि मला त्या पिठाचा फार राग यायचा, हे खरं सांगते.

पुढे कितीतरी वर्षांनी इथल्या एका फादरांनी प्रवचनात अरिस्तीदस नावाच्या माणसाबद्दल सांगितलं. हा दुसऱ्या शतकातला अथेन्सचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ, त्याने रोमन बादशहाला लिहून कळवलं होतं की ही ख्रिस्ती माणसं कशी आहेत बघा, त्यांच्यात कुणी गरीब असला आणि द्यायला यांच्याकडेच जास्तीचं काही नसलं तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि ते वाचलेलं अन्न त्याला देतात. मी बाकावर बसून रडले. आईला बिचारीला अरिस्तीदस कुठला माहीत, सही करायची तेवढंच तिचं शिक्षण. पण बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय तिला तोंडपाठ होता, पाळकांकडून ऐकून ऐकून. त्यात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तुझं लक्षच नाही, तेव्हा देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही आपलाच धंदा बघता, मजुरांना राबवून घेता, भांडता, बुक्क्या मारता, असला उपास मी कधी मागितला? जोखडाची बंधनं सोडा, आपल्या भाकरीतली भाकरी भुकेल्याला द्या, बेघराला घरात घ्या, आपल्याच रक्तामांसाच्या माणसाला तोंड लपवू नका. आपल्या भाकरीतली, जास्तीची नाही. म्हणून मला वाटतं की ताटातून काढलेलं कुणाच्या तरी ताटात गेलं नाही तर तो उपास अर्धाच, आणि वजन उतरावं म्हणून केला असेल तर त्याला डाएटच म्हणावं, डाएट काही वाईट नसतं पण त्याला लेंट कशाला म्हणायचं?

आता माझं स्वतःचं सांगते, नाहीतर मी फार धार्मिक बाई आहे असं वाटायचं. मला दहा वर्षांपासून शुगर आहे. जन्मभर नर्स म्हणून नोकरी केली, पेशंटना दमात घ्यायचे की गोळी घेऊन उपाशी राहू नका, आणि स्वतः एका उत्तम शुक्रवारी गोळी घेऊन काहीही न खाता उन्हात क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं घेत करायच्या प्रार्थनेला, गेले. नवव्या स्थानाला, जिथे येशू तिसऱ्यांदा पडतो, तिथेच मी पडले. चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराने मला उचलून सावलीत नेलं आणि आपल्या बाटलीतलं सरबत पाजलं. लोक हळहळले, किती श्रद्धा म्हणाले, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं हो, तेच तर वाईट. सकाळपासून मी चार जणींना सांगून झालं होतं की आज मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. बायबलमध्ये लूकच्या १८ व्या अध्यायात तो परुशी, म्हणजे यहुद्यांच्या कर्मठ पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून देवालाच ऐकवतो ना, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून, तसली माझी गत. येशूने तर मत्तयमध्ये स्पष्ट सांगितलंय की उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, कुणाला कळता कामा नये. आमच्या आईचा डबा पदराखाली का असायचा ते मला त्या दिवशी सावलीत बसल्यावर कळलं.

आता वयाने आणि शुगरने मी नियमातून सुटलेय. मग भूक नाही तर काय? व्हॉट्सॲपवर दर लेंटला फॉरवर्ड येतं, रागाचा उपास करा, निंदेचा उपास करा, मोबाईलचा उपास करा. वाचायला छान आहे, करतेही मी त्यातलं काही, पण ज्यांची तब्येत ठणठणीत आहे त्यांनी यावर भागवू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. भुकेने जीव कासावीस झाला की माणूस चिडतो, रडकुंडीला येतो, आपण किती पाण्यात आहोत ते त्याचं त्यालाच कळतं, आणि तेव्हा तोंडातून जी प्रार्थना निघते ती भरल्या पोटी निघत नाही. आईला मी एकदा विचारलं होतं की भूक लागली की तू काय करतेस, ती म्हणाली, त्याला सांगते की मला भूक लागलीय. बस एवढंच.

दुसरं टोकही बघितलंय. माहेरच्या नात्यात हल्ली उपास-प्रार्थनेच्या मीटिंगा असतात, तिथे सांगतात इतके दिवस उपास धरा, व्हिसा मिळेल, मुलीचं लग्न जमेल. काही मीटिंगांमध्ये माणसं खरोखर देवासाठी बसलेली असतात, सगळ्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण देवाशी असा सौदा करायचा म्हणजे उपाशी पोटाचं ब्लॅकमेलच झालं. मागणी घेऊन रुसून बसलेल्या पोरासारखं.

आमच्या चर्चमध्ये लेंटला प्रत्येक घरी एक पाकीट देतात, कॅरिटास या कॅथलिक सेवासंस्थेच्या भूकनिवारणाच्या कामासाठी. पूर्वी आम्ही शेवटच्या रविवारी घाईघाईने त्यात नोट सरकवायचो. यंदा सुनेनेच काढलं की शुक्रवारी मासळी आणायची नाही, डाळभात आणि भाजी, आणि कोळणीला जेवढे गेले असते तेवढे त्याच दिवशी पाकिटात. पहिल्या शुक्रवारी मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, तरी जेवला. मात्र कोळीण दारावरून रिकामी गेली, तिचं काय, हा प्रश्न नातवाने काढला आणि त्यावर आमच्यात अजून एकमत झालेलं नाही. सध्या तिच्याकडून शनिवारी घेतो.

४० दिवस अन्नपाणी बंद असतं ही चूक तेवढी पुढच्या अंकात दुरुस्त करा ही विनंती. रेसिपीबद्दल तक्रार नाही, सुनेने ती कापून फ्रीजला चिकटवून ठेवलीय, ५ एप्रिलला ईस्टर झाला की करणार आहे.

आपली,
एक वाचक, वसई