कुत्र्या-मांजराच्या चिठ्ठीवर वजन आणि आजार लिहा

संपादक महोदय,

माझं सांगलीत मेडिकल आहे, माणसांच्या औषधांचं, पण हल्ली कुत्र्या-मांजरांच्या चिठ्ठ्याही बऱ्याच येतात, कारण प्राण्यांचे डॉक्टर कितीतरी वेळा आपलीच औषधं लिहून देतात, डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, ॲसिडिटीचं पॅन्टोप्रॅझोल, उलटीची गोळी वगैरे. त्यात गैर काहीच नाही. पण चिठ्ठी काउंटरवर ठेवली की बहुतेक जण मलाच विचारतात, "याला नक्की झालंय काय हो?" आत्ता डॉक्टरांकडनं उठून आलेला माणूस, फी भरलेली, इंजेक्शन झालेलं, आणि आजाराचं नाव विचारतोय मेडिकलवाल्याला! तिथं का नाही विचारलं म्हटलं तर उत्तर ठरलेलं, गर्दी होती, कुत्रा भुंकत होता, डॉक्टर घाईत होते.

परवा एक कॉलेजचा मुलगा आला, चिठ्ठीवर एवढंच, मेलोक्झिकॅम (दुखणं-सूज कमी करणारं औषध) पाव गोळी, ३ दिवस. किती पॉवरची ते नाही, कुत्र्याचं वजन नाही. आमच्याकडे ही गोळी ७.५ ची पण मिळते आणि १५ ची पण. १० किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी साधारण २ मिलिग्रॅम आणि नंतर १ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ७.५ ची पाव गोळी पहिल्या दिवसापुरती ठीक, आणि १५ ची दिली तर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट. या औषधाचा डोस वाढला की पोटात अल्सर होतो, शी काळी होते, किडनीवर जातं. मी फोन लावला, डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, तो मुलगा कुत्र्याला रिक्षात बसवून तसाच थांबून राहिला. वजन आणि मिलिग्रॅम, दोन आकडे लिहिले असते तर ही वेळ आली नसती. १९४५ च्या औषध नियमांत तर स्पष्ट आहे, औषध जनावरासाठी असेल तर चिठ्ठीवर मालकाचं नाव-पत्ता, एकूण औषध किती आणि डोस किती हे हवंच.

गोचीड तापाचं तर दर पावसाळ्यात बघतो. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू, असेल तर डॉक्सीचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो, पण कुत्रा तिसऱ्या-चौथ्या दिवशी खायला लागतो, शेपूट हलवतो, आणि घरचे म्हणतात बरा झाला, कशाला उगाच गोळ्या. मग जंतू अंगात राहतात, प्लेटलेट परत पडतात, नाकातनं रक्त येतं, आणि लोक म्हणतात डॉक्टरांचं औषध लागूच पडलं नाही. "तो खायला लागला तरी गोळी बंद करायची नाही" हे एक वाक्य कारणासकट सांगायला असा कितीसा वेळ लागतो? तीच गोळी मांजराला दिली तर वरून थोडं पाणी पाजायला लागतं, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथं जखम होते. हे मी सांगतो तेव्हा लोक चकित होतात, म्हणजे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आता आपल्या लोकांचं. घरी काय दिलं ते डॉक्टरांना सांगत नाहीत. मांजराला ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल मागणारे माझ्याकडे नेहमी येतात, मी देत नाही, कारण मांजराच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, एका गोळीनंसुद्धा मांजर दगावू शकतं. त्यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो वेळेत द्यायला हवा आणि त्यासाठी डॉक्टरांना खरं कळायला हवं. एका बाईंनी मला सांगितलं की मागच्या वेळी डॉक्टर इतकं ओरडले की आता गप्पच बसते. मला हे फार लागलं. डॉक्टरांचा राग मी समजू शकतो, जनावर हातातनं जाताना बघायचं सोपं नसतं, पण माणूस एकदा घाबरला की पुढच्या वेळी लपवतो आणि मरतं ते मुकं जनावर.

पैशाचंही तसंच. मालकाला रक्ततपासणी, एक्स-रे परवडणार नाही असं समजून काही डॉक्टर त्याचं नावच काढत नाहीत, आणि मालकाला वाटतं आता काही उपायच नाही. खर्च आधी सांगा, ठरवू दे त्याला.

राज्यातल्या पशुवैद्यकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की चिठ्ठीच्या पॅडवरच जागा छापून घ्या, वजन, मिलिग्रॅम, किती दिवस, कोणता आजार वाटतोय ते मराठीत, आणि खाली एक ओळ की काय दिसलं तर लगेच यायचं. उदाहरणार्थ बोका लघवीला सारखा बसतोय आणि थेंबच येतोय किंवा तेही नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, कारण लघवी तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि रात्री कुठं न्यायचं तो फोन नंबरही तिथंच छापा.

– एक औषध विक्रेता, सांगली